न गळणारी टोपी

रविवार, ४ मे

शाळेतल्या मारिलुस बाईंनी ही वही दिली आणि म्हणाल्या, "रोज दोन ओळी लिहा, हात बसेल." रोज काय लिहू? रोज मेंढ्या ओरडतात, रोज तळ्यावरून वारा येतो, रोज म्हातारा सूप अळणी झालं म्हणतो आणि वाडगं चाटूनपुसून ठेवतो. काही घडेल तेव्हा लिहीन.

अक्षरं मी यंदाच शिकले, शाळेतल्या पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून. स्पॅनिशमध्ये एक अक्षर असं आहे की ते लिहायचं पण बोलायचं नाही. मी बाईंना विचारलं, "आळशी जावयासारखं हे नुसतं बसवून कशाला ठेवलंय?" बाई हसल्या.

घरात आम्ही चौघं. मी, माझा नवरा सिप्रियानो, आणि दोन नातवंडं. रुफिनो एकोणीस वर्षांचा, तळ्यापलीकडच्या पुनो शहराच्या लाँचवर दोर सोडायचं-बांधायचं काम करतो, शनिवारी घरी येतो. एलिदा बारा वर्षांची. दोघांचे आईबाप होडी उलटून गेले. ते लिहायला मी वही घेतलेली नाही.

मला आता दोनच कामं उरलीत. रुफिनोच्या हातात पुन्हा सुया द्यायच्या आणि एलिदाला मागावर बसवायचं. आमच्या बेटावर टोपी पुरुष विणतो. पोरगा चालायला लागला की थोड्याच दिवसांत त्याच्या हातात सुया येतात. टोपी विणता येत नाही त्याला मुलगी कोण देणार? आणि पोरीनं सूत कातायचं, मागावर पट्टे आणि शाली विणायच्या. सुयांना बाईचा हात लागत नाही. माझ्या आजीनं मला सांगितलं, मी एलिदाला सांगते, ती तिच्या नातीला सांगेल. त्यात समजवायचं काय आहे?

शनिवार, १० मे

म्हाताऱ्याचे डोळे सुधारले! दोन वर्षं त्याच्या बुबुळांवर ढग उतरलेत. गेल्या वर्षी त्यानं विणलेली टोपी एवढी ढिली होती की तीत बटाटे चाळता आले असते. बेटाचं सामायिक दुकान यंदा तेओदोरो सांभाळतो. तो आज पायवाटेवर भेटला आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या म्हाताऱ्याच्या टोप्या पूर्वीसारख्या येतायत. पूर्वीपेक्षा बारीक टाका आहे. काय केलंत?"

मी म्हटलं, "मुन्याची वाफ देते रोज. डोंगरावरचा पाला. तुझ्या पुनोच्या डॉक्टरला जाऊन सांग."

घरी येऊन म्हाताऱ्याला सांगितलं तर तो खोकला. कौतुक सहन होत नाही त्याला.

एलिदाला मात्र बोलले. दिलेल्या लोकरीचं सूत मोजकंच परत येतं. "टकळी फिरते तुझी की नुसती तोंडाची टकळी?" म्हटलं. तीही नाही, पोरगी बोलतही नाही हल्ली. सगळा दिवस आजोबांजवळ बटाट्याच्या कोठीत बसून असते. "तिथे ऊन येतं," म्हणते. कोठीला खिडकी नाही.

बुधवार, २१ मे

आज शाळेत सगळ्या पालकांना बोलावलं होतं. पुनोहून एक साहेब सकाळच्या लाँचनं आला. एवढ्या पायऱ्या चढून आला तर ओठ जांभळे झाले होते, त्याला आधी कोकाच्या पानांचा चहा पाजला. मग त्यानं भिंतीवर दोन चित्रं लावली. पहिल्यात एक आजी खुर्चीत बसून सुयांवर विणतेय आणि बाप पेपर वाचतोय. मला वाटलं, वेडीचं चित्र आहे. दुसऱ्यात बाप विणतोय आणि आई ट्रक चालवतेय.

साहेब म्हणाला, "मुलगा-मुलगी समान आहेत. विणकाम काय फक्त बायकांचं आहे? पुरुषांनी विणलं तर काय बिघडतं? लाजू नका. धैर्य दाखवा!"

समोर बेटावरचे सगळे बाप बसलेले. प्रत्येकाच्या गळ्याभोवती सूत आणि हातात पाच पाच सुया. विणता विणताच ऐकत होते.

तेओदोरोनं विचारलं, "साहेब, किती धैर्य दाखवायचं? माझी ही टोपी परवा पुरी होईल, चालेल का?"

पोरं हसून बाकाखाली पडली. मारिलुस बाईंनी तोंडावर हात धरला. साहेबही हसला, माणूस वाईट नव्हता. म्हणाला, चित्रं राजधानीहून, लिमाहून छापून येतात.

तेवढ्यात आमची एलिदा उभी राहिली. "साहेब, आणि मुलींनी?"

"मुलींनी काय बाळा?"

"विणलं तर?"

"मुलींनी? मुलींना कोण अडवतंय!" साहेब म्हणाला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. एलिदा उभीच होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. साहेबाला दुपारची लाँच गाठायची होती.

वाटेत मी पोरीला म्हटलं, "चारचौघांत आगाऊ प्रश्न कशाला विचारतेस?" ती म्हणाली, "त्यांनी उत्तर दिलं, आजी. तू ऐकलंस ना?" तिच्या डोक्यात काय चालतं मला कळत नाही.

रविवार, ८ जून

रुफिनोला तेओदोरोची साबिना हवीय. साबिनालाही तो हवाय. काल आमच्या सुपाच्या भांड्यावरच बोलला.

म्हातारा म्हणाला, "टोपी?"

रुफिनोनं वाडग्यात मान घातली.

"तेओदोरो टोपीत पाणी ओतून बघतो. त्याच्या सासऱ्यानं त्याची बघितली होती. तुझ्याकडे टोपी कुठाय?"

रुफिनोनं चौदाव्या वर्षी सुया टाकल्या. पुनोच्या धक्क्यावर तो विणत बसला की शहरातली पोरं म्हणत, "काय आजीबाई, नातवंडं कशी आहेत?" एकदा त्याच्या सुया पाण्यात फेकल्या. तेव्हापासून डोक्यावर ती शहरातल्या पोरांसारखी पुढे चोच असलेली टोपी घालतो. म्हणाला, "आजी, तुला कळत नाही. तिथे विणणारा पोरगा म्हणजे बायल्या."

"आणि इथे न विणणारा म्हणजे?"

"इथेही तेच. मग मी जाऊ कुठे?"

"तळ्याच्या मधोमध बस," मी म्हटलं. "आणि आजीबाई ही शिवी कधीपासून झाली रे?"

म्हाताऱ्याची टोपी स्वतःची म्हणून नेऊ का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, "हात मोडीन." नवरदेवाची टोपी त्याच्याच हातची हवी. एलिदा भांडी घासत होती. घासायची थांबली होती खरं तर.

मंगळवार, १ जुलै

भर हिवाळा. थंडी इतकी की वाळवून ठेवायला रात्री बाहेर पसरलेले बटाटे दगड झालेत. आम्ही दिवसभर ते पायांनी तुडवून पाणी काढलं. एलिदाचे डोळे लाल. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला भोक पडल्यासारखी खूण झालीय. "काटा लागला," म्हणाली. मी चरबी लावली.

रविवार, १३ जुलै

टोपी झाली! रुफिनोनं काल संध्याकाळी गाठोड्यातून काढली. वर पांढरी, खाली लाल, अविवाहिताची असते तशी. टाका एवढा बारीक की मला दिसेना, नखानं चाचपून पाहिला. पक्षी, फुलं, मासे. मी म्हटलं, "केव्हा विणलीस रे?" तो म्हणाला, "लाँचवर. मधे मधे." माझं रक्त आहे शेवटी. पाच वर्षं सुया टाकल्या तरी हात विसरला नाही.

म्हातारा टोपी नाकाला लावून बसला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मुन्याचा वाफारा जरा कमी करायला हवा.

सोमवार, १४ जुलै

आज तेओदोरोच्या अंगणात गेलो. मी, म्हातारा, रुफिनो. एलिदा नको म्हटलं तरी मागून आलीच.

तेओदोरोनं टोपी उलटी धरली, आत मूठ घालून फिरवली, उजेडाला लावली. बायको पाण्याचं मडकं घेऊन आली. त्यानं टोपी रुफिनोच्या दोन्ही हातांत दिली आणि काठोकाठ पाणी ओतलं. "चल, त्या भिंतीपर्यंत जा आणि ये."

रुफिनो निघाला. कपाळावरून घाम ठिबकत होता. तेओदोरो म्हणाला, "टोपी गळत नाही पोरा, तूच गळतोयस." सगळे हसले. एलिदा भिंतीला टेकून उभी होती, नजर टोपीच्या बुडाला. तिला एवढं काय पडलंय ते मला कळेना. रुफिनो परत आला. टोपीखाली एक थेंब नव्हता.

"हा पक्षी मागे वळून बघतोय," तेओदोरो म्हणाला. "आमच्यात सगळे पक्षी पुढे बघतात. हे कुठून सुचलं?"

"असंच," रुफिनो म्हणाला.

एलिदानं तोंड उघडलं. म्हाताऱ्यानं तिचा हात धरला, तिनं मिटलं.

तेओदोरोनं आमची कोकाची पानं घेतली. म्हणजे झालं. ऑगस्टात लग्न. येताना एलिदा एकदम रडायला लागली. भावावर फार जीव पोरीचा.

शनिवार, १९ जुलै

आज वाळलेले बटाटे आणायला कोठीत गेले. दार ढकललं. म्हातारा पोत्यावर बसलेला आणि त्याच्या पायाशी एलिदा. गळ्याभोवती सूत, हातात पाच सुया. म्हातारा डोळे मिटून टोपीवर बोटं फिरवत होता आणि सांगत होता, "इथे एक टाका ढिला पडलाय. उसव."

मी ओरडले की नाही मला आठवत नाही. सुया हिसकावल्या. सायकलच्या चाकाच्या तारा घासून केलेल्या त्या सुया, म्हाताऱ्याच्या बापाच्या. बेटावर सायकल नाही, पण सुया तिच्याच.

"केव्हापासून?"

"पाऊस संपल्यापासून," म्हातारा म्हणाला.

"तू बोलू नकोस! तुझे डोळे मी बरे केले म्हणून साऱ्या बेटाला सांगत फिरले!"

"मी कुठे म्हटलं बरे झाले? तू वाफ देत होतीस, मी घेत होतो. नाक तेवढं मोकळं झालं."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दुकानातल्या टोप्या. रुफिनोची टोपी. मागे बघणारा पक्षी. सासऱ्याला चांगलीच टोपी घातली की आमच्या घरानं! मी पोत्यावर बसले. मला हसू येत होतं आणि तिला एक ठेवूनही द्यायची होती.

"आजी," एलिदा म्हणाली, "मागावर मला नाही जमत. खुंट्यांना बांधलेलं असतं सगळं. हे हातात फिरतं."

"फिरतं ते वाऱ्यावर सोड. कळलं तर रुफिनोचं लग्न मोडेल. तुला कोणी नेणार नाही."

"मी कुणालाच सांगणार नाही. नेलं नाही तरी चालेल. फक्त विणू दे. दुसरं मी काही मागितलंय का तुझ्याकडे?"

नाही मागितलं. आई गेली तेव्हाही काही मागितलं नव्हतं. मी सुया कमरेच्या पट्ट्यात खोचल्या आणि तिच्या हातात टकळी दिली. ती घेऊन गेली. बरोबरच केलं मी. दुसरं काय करायला हवं होतं? म्हातारा दिवसभर माझ्याशी बोललेला नाही. सूप न चाटता ठेवलं.

शनिवार, २६ जुलै

काल संत सांतियागोचा सण. लिहावं लागणार.

चौकात सगळं बेट जमलं होतं. ढोल, बासऱ्या, बियर. पुरुष दगडी पायऱ्यांवर विणत बसलेले, बायका पलीकडे टकळ्या फिरवत. तेओदोरोनं रुफिनोला हाक मारली. "या जावई! टोपीला कान विणायचे राहिलेत. बसा इथे, माझ्याशेजारी. बघू तरी हा मागे बघणारा पक्षी कसा बसवतात."

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. कौतुक करायचं होतं त्याला.

रुफिनो बसला. सूत गळ्याभोवती घेतलं ते उलट्या बाजूनं. पहिली सुई घातली, दुसरी खाली पडली. टाके निसटले. उचलायला गेला तर आणखी निसटले. आधी लोक हसले. म्हणाले, लग्नाची घाई! मग हळूहळू हसायचे थांबले. तेव्हा ढोलही थांबला होता, नको त्या वेळी.

"ही टोपी कुणाची आहे?" तेओदोरोनं विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

म्हातारा काठी टेकत उभा राहिला. "माझी."

"काका, तुम्ही मघाशी मला माझा भाऊ समजून कोकाची पानं दिलीत."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हातारीचीच असणार. तरीच वाफेच्या गोष्टी सांगत होती!"

मी म्हटलं, "मी? माझ्या बोटांनी मेंढीच्या दोराची गाठ सुटत नाही!"

"मी विणली," एलिदा म्हणाली.

ती बायकांमधून उठून चौकाच्या मधे आली होती. केवढी दिसत होती ती तिथे! बटाट्याएवढी. आणि लोक जे हसले! मला म्हणत होते तेव्हा रागावले होते. तिला मात्र नुसते हसले. रागावण्याच्यासुद्धा लायकीची नाही.

"सुया द्या," एलिदा म्हणाली.

तिथे बसलेल्या प्रत्येक पुरुषाच्या हातात सुया होत्या. एकानंही दिल्या नाहीत. कुणी टाके मोजायला लागलं, कुणी पाठ खाजवली. ती हात पसरून एकेकाकडे वळत होती. रुफिनोनं मान खाली घातली होती. त्याच्या सुया तेओदोरोच्या पायाखाली पडल्या होत्या.

माझं डोकं फिरलं. आमच्या घरातल्या पोरीला खोटारडी म्हणता? पट्ट्यातून सुया काढल्या आणि चौकात चालत गेले. तिथे मधे बाई जात नाही. गेले. तिच्या हातात दिल्या.

ती जमिनीवर बसली. रुफिनोचे सुटलेले सगळे टाके आधी उचलले. मग विणायला लागली. मी तिला अशी कधी नीट पाहिलीच नव्हती, कोठीत होता तो अंधार. हात दिसत नव्हते, इतके भरभर. लोक हळूहळू पुढे सरकले. टोपीच्या कानावर पक्ष्याची चोच आली, मग मान, मग मान मागे वळली.

तेओदोरो ओणवा होऊन बघत होता. त्यानं टोपी घेतली, कान ओढून पाहिला आणि परत तिच्या मांडीवर ठेवली. म्हणाला, "उद्या वारा बदलणार." आणि ढोलवाल्यांना हात केला.

रविवार, २७ जुलै

आज चौकात सभा. दर रविवारी असते, पुरुष पुढे, बायका बाजूला जमिनीवर. आमचाच विषय.

तेओदोरो मोकळेपणानं बोलला. "मी चिडलो होतो, रात्री उतरलं. साबिना रडून रडून सुजलीय. लग्न होऊ दे. रुफिनो नाताळपर्यंत पुन्हा विणायला शिकेल, मी शिकवीन. राहिली मुलगी."

मी उभी राहिले. मला कुणी उभं केलं माहीत नाही. म्हटलं, "टोप्या तिच्या आहेत. दुकानात टोपीला चिठ्ठी लावता ना विणणाऱ्याच्या नावाची? तिचं लावा."

"मावशी, दुकानाच्या दारावर पाटी आहे. 'आमच्या बेटावर पुरुष विणतात.' परदेशी लोक तेवढं बघायला धापा टाकत वर येतात. चिठ्ठीवर मुलीचं नाव दिसलं तर म्हणतील, मुली काय, सगळीकडेच विणतात. मग आमचं वेगळं काय राहिलं?"

"म्हणजे पोरगी खोटी की पाटी खोटी?"

हसले सगळे. तेओदोरोही. "कुणीच खोटं नाही. हात सोन्याचा आहे पोरीचा, मी नाही म्हटलं का? विणू दे तिला. घरात विणू दे. चिठ्ठीवर रुफिनोचं नाव घालू. नाव तुमच्याच घरात राहिलं ना?"

मारिलुस बाई उठल्या. "पण हे..." एवढंच म्हणाल्या. कुणीतरी म्हणालं, "बाई, तुम्ही वर्षभराच्या पाहुण्या. पुढच्या वर्षी तुमची बदली होईल, आम्ही इथेच असू." बाई बसल्या. त्यांनी वहीत काही लिहिलं आणि खोडलं.

मग हात वर करायला सांगितले. आधी बायकांचे वर गेले. माझाही गेला. का नाही जाणार? आठवड्यापूर्वी मीच तिच्या हातून सुया हिसकावलेल्या, आज सगळ्या बेटानं विणायची परवानगी दिली. लग्न वाचलं, टोप्या वाचल्या. माझ्या आजीच्या काळात असं घडलं नसतं. मी घाईघाईनं घरी आले, सणाचा पाव घेऊन.

"एली! मिळालं! विणायचं तुला आता, दार उघडं ठेवून सुद्धा!"

तिचा चेहरा असा उजळला, की मी लिहिणार नाही. मग तिनं विचारलं, "आणि चिठ्ठीवर?"

"रुफिनोचं."

"बरं," म्हणाली. पाव घेतला, अर्धा आजोबांना दिला. मग कोपऱ्यातली टकळी उचलली आणि बाहेर जाऊन कातायला बसली.

शुक्रवार, १ ऑगस्ट

सुया तिच्या बिछान्याजवळ ठेवल्या होत्या. सकाळी पाहिलं तर म्हाताऱ्याच्या उशाशी, फडक्यात गुंडाळून, नीट.

सोमवार, ४ ऑगस्ट

एलिदानं माझ्याकडून माग लावून घेतला. खुंट्या ठोकल्या, पट्टा सुरू केला. मला न विचारता पाणी आणते, न विचारता मेंढ्या सोडते. सूत मोजून परत देते. शेजारीण म्हणाली, "पोरगी शहाणी झाली हो! सणात लाज वाटली असेल." मी तिला चहा दिला नाही.

पट्टा चांगला होतोय. चुका नाहीत त्यात. चुका नाहीत म्हणूनच मला तो बघवत नाही, हे कुणाला सांगू?

शनिवार, ९ ऑगस्ट

तेओदोरोनं विचारलं, टोप्या केव्हा देताय? गिऱ्हाईक विचारतात. मी म्हटलं, "रुफिनोला विचार, नाव त्याचं आहे ना." तो हसला. मी हसले नाही.

संध्याकाळी जेवताना रुफिनो अचानक म्हणाला, "एली, मी नव्हतं मागितलं नाव. सांगू का मी उद्या सभेत? लग्न गेलं तर जाऊ दे."

एलिदा म्हणाली, "नको दादा. साबिना चांगली आहे."

"मग विण ना!"

"मला कंटाळा आला."

त्यानं वाडगं बाजूला सारलं. पुनोत पोरं त्याला बायल्या म्हणतात, इथे तेओदोरो त्याच्या मांडीवर छडी ठेवून टाके मोजायला लावतो. एकाला नको असलेलं गळ्यात बांधलंय आणि दुसरीला हवं ते... मला एवढंच कळतं की मी दोघांना एकाच चुलीवर वाढवलं. भाकर सारखी दिली. मग हे झालं कसं?

मारिलुस बाईंना म्हटलं, तुमच्या साहेबांना बोलवा पुन्हा. बाई म्हणाल्या, त्यांचा समानतेचा आठवडा संपला, आता दात घासण्याचा चालू आहे.

मंगळवार, १२ ऑगस्ट

म्हाताऱ्यानं आज अर्धी राहिलेली टोपी पुढे न्यायचा प्रयत्न केला. एलिदा शेजारीच मागावर होती. तो म्हणाला, "बाळा, बघ गं, इथे काय झालंय?" ती म्हणाली, "छान आहे आजोबा." तिथे हाताएवढं भोक होतं.

रविवार, १७ ऑगस्ट

परवा लग्न. घरभर बायका बटाटे सोलतायत.

आज मी ठरवून केलं. म्हाताऱ्याच्या उशाचं फडकं सोडलं, सुया काढल्या, सूत गळ्याभोवती घेतलं आणि दारात, वाटेवर, भर उन्हात जाऊन बसले. येणाऱ्याजाणाऱ्या बायका शालीत तोंड लपवत होत्या. पुरुष दुसरीकडे बघून जात होते. म्हटलं, बघा, म्हातारी वेडी झाली, त्या लिमाच्या चित्रातल्यासारखी. पोरीला हसू येईल. निदान राग येईल. माझ्या हातातून ओढून घेईल, म्हणेल, अशी नाही गं धरायची आजी! तेवढंच हवं होतं मला.

बोटं ऐकत नव्हती. चार टाके झाले, ते चार दिशांना बघत होते. एलिदा पाणी घेऊन वर आली. घागर खाली ठेवली आणि माझ्या समोर थांबली. तिनं बराच वेळ सुयांकडे पाहिलं. तिची बोटं घागरीच्या दोरावर हलत होती, मी पाहिलं, देवाशपथ हलत होती.

"तुझा टाका सुटलाय, आजी."

"हो ना. तो उचलायचा कसा?"

तिनं घागर कमरेवर घेतली.

"दादाला विचार," ती म्हणाली आणि आत गेली.